चोवीस तासांचे पोलाद

लोखंडाशी माझे नाते पुस्तकातून जुळलेले नाही. बेळगावच्या उद्यमबागेत माझ्या वडिलांचे छोटे वर्कशॉप होते. गेट, जिन्याचे कठडे, खिडक्यांची ग्रिल, उसाच्या ट्रॉलीची दुरुस्ती अशी कामे तिथे चालत. शाळा सुटली की मी तिथे जाई. गॅस कटिंगचा निळा जाळ, रॉड टेकवताच उडणारी ठिणग्यांची फुले, टाका गार होण्याआधी हातोडीने झाडलेली खपली आणि सगळ्यात शेवटी रेड ऑक्साइडचा हात या क्रमाने वस्तू आकाराला येताना मी पाहत असे. पुढे मी मास्तर झालो, चित्रे-शिल्पे पाहण्याचा नाद लागला. पण पोलादाचे शिल्प समोर आले की माझी नजर आधी जोडाकडे जाते. टाका कुठे मारला आहे, प्लेट आचेने वाकली आहे काय, हे मी नकळत तपासू लागतो.

२००५ साली मुलाकडे लंडनला गेलो असताना टेट ब्रिटन या कलासंग्रहालयात अँथनी कारो या इंग्रज शिल्पकाराचे सिंहावलोकनी प्रदर्शन चालू होते. त्यात ‘ट्वेंटी फोर अवर्स’ नावाचे त्याचे १९६० सालचे शिल्प पाहिले. कारोने पोलाद जोडून केलेले हे पहिले अमूर्त शिल्प. ज्या शिल्पापासून ब्रिटनमधल्या शिल्पकलेने कूस बदलली असे इतिहासकार सांगतात, ते हे. मी नेहमीप्रमाणे जोड पाहिले. आमच्या वर्कशॉपमधल्या एखाद्या नवशिक्या पोराने मारावेत तसे ते होते. मला उगीचच बरे वाटले.

पण या लेखाचे निमित्त जोडांचे नाही. त्या शिल्पाची मालकी कुठून कुठे गेली, याचा जो शोध मी नंतर घेतला, त्यातून काही प्रश्न उभे राहिले. ते वाचकांपुढे मांडावेत, एवढाच हेतू आहे.

१

कारोचा जन्म १९२४ चा. केंब्रिजला त्याने इंजिनिअरिंगचे शिक्षण घेतले, युद्धकाळात नौदलाच्या विमानदलात काम केले आणि त्यानंतर रॉयल अकॅडमीच्या शाळेत रीतसर शिल्पकला शिकला. १९५१ ते १९५३ या काळात तो हेन्री मूर यांचा साहाय्यक होता. मूर म्हणजे त्या काळच्या इंग्रजी शिल्पकलेचा वटवृक्ष. त्या सावलीत राहून कारोने जी शिल्पे केली ती मातीत घडवून ब्राँझमध्ये ओतलेली, जड अंगाच्या माणसांची होती: शर्ट काढणारा पुरुष, झोपेतून उठणारी बाई. त्या माणसांना स्वतःचेच शरीर ओझे झाले आहे, असे ती पाहताना वाटते. ती वाईट नाहीत. १९५९ साली पॅरिसच्या तरुण कलावंतांच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात त्याला शिल्पकलेचे पारितोषिकही मिळाले. पण कलावंताला स्वतःचा कंटाळा आला की पारितोषिकाने तो जात नाही.

त्याच वर्षी अमेरिकेचे समीक्षक क्लेमेंट ग्रीनबर्ग लंडनला आले आणि कारोच्या स्टुडिओत गेले. ग्रीनबर्ग यांचा शब्द त्या काळी न्यूयॉर्कमध्ये प्रमाण मानला जाई. जॅक्सन पोलॉकची बाजू त्यांनी जगाला पटवली होती. त्यांनी कारोच्या कामाची गोड स्तुती केली नाही. पुढे कारो अमेरिकेला गेला, तिथे चित्रकार केनेथ नोलंड भेटला, शिल्पकार डेव्हिड स्मिथचे काम पाहिले. कला बदलायची असेल तर आधी आपल्या सवयी बदल, अशा अर्थाचा ग्रीनबर्ग यांचा सल्ला कारो पुढे आयुष्यभर सांगत असे.

परत आल्यावर त्याने तो सल्ला अक्षरशः पाळला. माती बाजूला ठेवली. लंडनच्या गोदी भागातून पोलादाचे भंगार आणले आणि हॅम्पस्टेडच्या घराला लागून असलेल्या, एक मोटार मावेल एवढ्या गॅरेजमध्ये काम सुरू केले. वेल्डिंग त्याला नीट येत नव्हते. गॅरेज इतके अरुंद की मागे सरून शिल्प एका नजरेत पाहण्याची सोय नाही. हा अडथळाच पुढे त्याचा गुण ठरला. दुरून रेखाटन करून मग घडवणे शक्य नसल्याने एक तुकडा दुसऱ्याला जोडत जाणे, एवढीच पद्धत उरली. आमच्या वर्कशॉपमध्येही मोठे गेट असे तिरके, भिंतीला टेकवून, अर्धे दाराबाहेर ठेवूनच होई. ते कसे दिसते हे लावल्यावरच कळे.

२

आता शिल्पाकडे येऊ. उंची सुमारे १३८ सेंटिमीटर. रुंदी सव्वादोन मीटरच्या आसपास. एकामागे एक तीन सपाट आकार: पुढे समलंब चौकोन, मध्ये वर्तुळाकार तबकडी, मागे कललेला चौकोन. रंग गडद तपकिरी-काळपट. खाली चौथरा नाही. शिल्प थेट जमिनीवर, आपण ज्या फरशीवर उभे आहोत त्याच फरशीवर.

चौथरा नसणे ही क्षुल्लक बाब नाही. आपल्याकडे पुतळा म्हटला की आधी चौथरा बांधतात, त्यावर संगमरवरी पाटी बसवतात आणि मग पुतळ्याचा विचार करतात. चौथरा सांगतो की वरची वस्तू तुमच्या जगातली नाही. कारोने तो काढला आणि शिल्प खुर्ची-टेबलासारखे आपल्या वावराच्या जागेत आणून ठेवले. मात्र खुर्चीचा उपयोग त्याला दिला नाही. पाहणाऱ्याला त्याच्याशी काय करावे ते कळत नाही. आपण त्याच्याभोवती फिरू लागतो, आणि आपल्या फिरण्याने आकार एकमेकांआड जातात, पुन्हा उघडे पडतात. घडवलेली माणसाची आकृती गेली, तरी पाहणाऱ्या माणसाचे शरीर शिल्पात आले, असे म्हणता येईल.

एवढे श्रेय दिल्यावर माझी तक्रारही नोंदवतो. हे शिल्प अजून पुरते शिल्प झालेले नाही. त्याला पुढची बाजू आहे. समोर उभे राहिलात तर ते बोलते. बाजूला गेलात की तीन प्लेटांच्या कडा आणि टेकू दिसतात, आणि बोलणे तुटते. मधली तबकडी नोलंडच्या वर्तुळांच्या चित्रांची आठवण करून देते. जणू कारोने अमेरिकेत पाहिलेले चित्र कॅनव्हासवरून उतरवून, त्याचे थर सुटे करून जमिनीवर उभे केले. त्याच वर्षीचे ‘मिडडे’ पाहावे. पिवळ्या रंगाचे, तिरप्या आय-बीमवर तोललेले ते शिल्प आज न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहे. तिथे पुढची बाजू शोधावी लागते. आणि १९६२ च्या ‘अर्ली वन मॉर्निंग’मध्ये, सहा मीटरांहून लांब पसरलेल्या त्या लाल शिल्पात, पोलाद वजन विसरून हवेत रेघ ओढल्यासारखे हलके होते. ‘ट्वेंटी फोर अवर्स’ हा त्या दोघांचा उंबरठा आहे. उंबरठ्यावर कोणी मुक्काम करत नाही. पण तो ओलांडल्याशिवाय घरात जाता येत नाही.

या तिन्ही नावांत वेळ आहे: चोवीस तास, दुपार, पहाट. ओळखीचा मानवी आकार टाकून दिलेल्या शिल्पकाराने नावांत मात्र रोजच्या दिवसाचे प्रहर ठेवले, ही गोष्ट मला हृद्य वाटते.

३

हे शिल्प कारोकडून गेले ते ग्रीनबर्ग यांच्याकडे. १९७५ साली टेट संग्रहालयाने ते विकत घेतले, त्याआधी ते ग्रीनबर्ग यांच्या संग्रहात होते. ज्याने शिल्पकाराला वळण लावले, त्याच्याच मालकीचे त्या वळणाचे पहिले फळ.

इथे कुणी घाईने भलता आरोप करू नये. कलावंताने मित्राला काम द्यावे, समीक्षकाने आवडलेले काम घरी ठेवावे, यात नवल नाही. आपल्याकडे कवी आपला संग्रह समीक्षकाला सप्रेम भेट देतो आणि तोच समीक्षक पुढे त्यावर परीक्षण लिहितो. परंतु पुस्तकाच्या प्रती हजार असतात. समीक्षकाच्या कपाटातली प्रत इतरांच्या प्रतींची किंमत ठरवत नाही. शिल्प एकच असते. ग्रीनबर्ग यांनी १९६५ साली कारोवर जो लेख लिहिला, त्याने कारोची अमेरिकेतली प्रतिष्ठा वाढली. प्रतिष्ठेबरोबर बाजारभाव वाढतो, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही. ग्रीनबर्ग यांच्या मृत्यूनंतर त्यांचा संग्रह २००० साली अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या संग्रहालयाने घेतला. त्यात ज्यांच्याबद्दल त्यांनी लिहिले अशा अनेक कलावंतांची कामे होती. मला ग्रीनबर्ग अप्रामाणिक वाटत नाहीत. त्यांना जे आवडे तेच ते लिहीत. माझी अडचण वेगळी आहे. ज्याची नजर मुख्यतः चित्रकाराची होती, अशा समीक्षकाच्या घरी कारोचे सगळ्यात चित्रासारखे शिल्प गेले. शिल्प त्या नजरेसाठी घडले, की त्या नजरेने ते निवडले? मालकीची ही नोंद वाचल्यावर शिल्पाला पुढची बाजू का आहे, हा माझा जुना प्रश्न मला नव्याने दिसू लागला. मालकीचा इतिहास हा केवळ दलालांच्या वहीतला विषय नाही. कधी कधी तो शिल्प वाचायला शिकवतो.

४

मालकीचा याहून अवघड धडा डेव्हिड स्मिथच्या बाबतीत घडला, आणि त्यातही ग्रीनबर्ग होते.

स्मिथ १९०६ साली इंडियाना राज्यात जन्मला. तरुणपणी एका उन्हाळ्यात त्याने स्टुडबेकर मोटारींच्या कारखान्यात काम केले. युद्धकाळात स्केनेक्टडी इथे रेल्वे इंजिने आणि रणगाडे बनवणाऱ्या कारखान्यात तो वेल्डर होता. पिकासो आणि हूलिओ गोन्झालेझ यांच्या जोडलेल्या धातुशिल्पांची छायाचित्रे मासिकात पाहून १९३३ च्या सुमारास त्याने वेल्डिंगने शिल्पे करायला सुरुवात केली. ब्रुकलिनच्या धक्क्यावर ‘टर्मिनल आयर्न वर्क्स’ नावाच्या लोहारकामाच्या कारखान्यात त्याने जागा मिळवली, आणि पुढे न्यूयॉर्क राज्यातल्या बोल्टन लँडिंग या गावी स्टुडिओ थाटला तेव्हाही तेच नाव कायम ठेवले. शिल्पकाराने आपल्या स्टुडिओला वर्कशॉपचे नाव द्यावे, याचे मला केवढे अप्रूप वाटले म्हणून सांगू!

स्मिथ शिल्पे रंगवत असे. ते आवडणारे लोक फार नव्हते. १९५० साली केलेले ‘१७ एच’ नावाचे शिल्प त्याने कॅडमियम-ॲल्युमिनियम लाल रंगाचे सहा हात देऊन पूर्ण केले होते. विक्री आणि फेरविक्रीच्या प्रवासात कुणीतरी तो रंग खरवडून काढला. १९६० साली स्मिथने कलाविषयक नियतकालिकांना पत्र लिहून जाहीर केले की हे आता माझे शिल्प नव्हे, माझे नाव त्याला लावू नये, आणि त्याची किंमत साठ पौंड पोलादी भंगाराएवढीच समजावी. साठ पौंड म्हणजे सत्तावीस किलो. कारो ज्या वर्षी भंगारातून शिल्प उभे करत होता, त्याच वर्षी स्मिथने आपल्या शिल्पाला भंगार म्हणून सोडून दिले.

२३ मे १९६५ रोजी ट्रकच्या अपघातात स्मिथ वारला. मुली लहान होत्या. मृत्युपत्राची अंमलबजावणी ज्यांच्याकडे आली त्या तिघांत ग्रीनबर्ग होते. दुसरे चित्रकार रॉबर्ट मदरवेल, तिसरे वकील आयरा लो. बोल्टन लँडिंगच्या शेतात शिल्पे उभी होती, त्यांतल्या काहींवर नुसता पांढरा रंग होता. पुढच्या काळात त्यांतल्या काही शिल्पांचा पांढरा रंग काढून टाकण्यात आला; इतर काही रंगीत शिल्पे ऊन-पावसात तशीच राहिली. १९७४ साली रोझालिंड क्राउस या समीक्षिकेने ‘आर्ट इन अमेरिका’ या नियतकालिकात हे उघड केले. डॅन बडनिक या छायाचित्रकाराने स्मिथच्या हयातीत काढलेली छायाचित्रे होती, म्हणून आधी काय होते आणि नंतर काय झाले हे डोळ्यांनी पाहता आले. क्राउस एके काळी ग्रीनबर्ग यांच्याच वर्तुळातल्या. त्यामुळे घाव अधिक खोल गेला.

ग्रीनबर्ग यांची बाजूही ऐकली पाहिजे. पांढरा रंग हा अस्तर होता, स्मिथला तो ठेवायचा नव्हता, असे त्यांचे म्हणणे. अस्तर म्हणजे काय हे मला ठाऊक आहे. रेड ऑक्साइड मारलेले गेट पूर्ण झालेले नसते. पण म्हणून ते खरवडून नुसते लोखंड दाखवणे, हे ते पूर्ण करणे कसे ठरेल? अपुरे राहिलेले वाक्य शेवटचा शब्द खोडून पुरे होत नाही. आणि अडचण अशी की ज्याने हा निर्णय घेतला, त्याला स्मिथचा रंग पूर्वीपासून पसंत नव्हता. समीक्षकाला नापसंतीचा पूर्ण अधिकार आहे. तो अधिकार लेखणीपुरता असतो. विश्वस्त झाल्यावर हातात लेखणीऐवजी रंग काढायचे साधन आले, आणि दोन अधिकार एक झाले. २०१७ साली न्यूयॉर्क राज्यातल्या स्टॉर्म किंग इथे स्मिथच्या पांढऱ्या शिल्पांचेच प्रदर्शन झाले. ज्याला अस्तर म्हटले गेले, ते पाहायला लोक मुद्दाम गेले.

क्राउस यांचा लेख १९७४ चा, टेटची खरेदी १९७५ ची. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध होता असे मी म्हणत नाही. तारखा शेजारी ठेवतो, इतकेच.

रंग बदलणे हाच गुन्हा आहे असेही नाही. ‘अर्ली वन मॉर्निंग’ कारोने आधी हिरवे रंगवले होते; पत्नी शीला गर्लिंग स्वतः चित्रकार, तिने लाल सुचवला आणि ते लाल झाले. पुढे सत्तरच्या दशकात कारोने स्वतःच रंग सोडला आणि गंजलेल्या पोलादावर नुसते वॉर्निश देऊ लागला. पण तिथे करणारा हात ज्याचा होता, ते काम त्याचे होते. स्मिथ हो किंवा नाही म्हणायला राहिला नव्हता.

याच हकिगतीत एक सुखाची बाबही आहे. स्मिथच्या मृत्यूनंतर त्याच्याकडे पडून असलेला पोलादाचा मोठा साठा कारोकडे आला, आणि कारोने त्यातले तुकडे आपल्या शिल्पांत वापरले. घडवलेल्या वस्तूवर ज्यांचा ताबा आला त्यांनी ती बदलली. न घडवलेल्या लोखंडावर ज्याचा ताबा आला त्याने त्यातून स्वतःचे काहीतरी घडवले. दोन्ही मालकीच. पण दुसरीत स्मिथचा मान राहिला.

५

लंडनहून परतल्यावर वर्तमानपत्रात एक बातमी वाचली. शिल्पकार अमरनाथ सहगल यांनी दिल्लीच्या विज्ञान भवनासाठी ब्राँझचे प्रचंड भित्तिशिल्प केले होते. १९७९ साली सरकारने ते काढून गोदामात टाकले, त्याची मोडतोड झाली. फेब्रुवारी २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने निकाल दिला की वस्तू सरकारने घेतली असली तरी तिची अशी दुर्दशा करण्याचा अधिकार त्याला नाही. उरलेले शिल्प सहगल यांना परत द्यावे आणि पाच लाख रुपये भरपाईही द्यावी. आधार १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या ५७ व्या कलमाचा. स्मिथच्या हयातीत अमेरिकेत असे संरक्षण देणारा राष्ट्रीय कायदा नव्हता. तो १९९० साली झाला. या एका बाबतीत आपण त्यांच्या पुढे होतो. आपल्या गावात जुने रंगवून नवे करण्याची जी हौस आहे, ती पाहता हे कलम जरा जास्त लोकांना ठाऊक असायला हवे.

आणि आता घरची गोष्ट सांगून थांबतो. माझ्या शाळेच्या दिवसांत वडिलांनी एका गिऱ्हाइकाच्या बंगल्यासाठी गेट केले. सांगितले होते साधे. पण मध्ये उरलेल्या गिअरच्या चकत्या, सायकलची चेन आणि पट्ट्या वापरून त्यांनी एक मोर जोडला. पैसे वेगळे मागितले नाहीत. रंग दिला नाही. जळके तेल फडक्याने घोटून मोराला काळसर तकाकी आणली. दोन महिन्यांनी मालकाने, दिवाळीच्या तोंडावर, सगळे गेट चंदेरी रंगवून घेतले. त्यानंतर वडील त्या रस्त्याने सायकल नेत नसत. मी एकदा विचारले, तर म्हणाले, ‘‘लोखंड त्यांचं हाय, पैसे दिलेत त्यांनी. खरं मोर माझा न्हवं काय? रंग मारताना एक शब्द इचारायचा की.’’

एवढेच त्यांचे मागणे होते. मोर परत नको होता, भरपाई नको होती. कारोचे शिल्प पाहताना, स्मिथचे पत्र वाचताना, सहगलांचा निकाल वाचताना मला त्या एका शब्दाचीच आठवण होत राहिली.

तो बंगला आता दुसऱ्या कुटुंबाने घेतला आहे. गेट अजून आहे. मोरावर चंदेरीनंतर हिरवा आणि त्यावर चॉकलेटी रंग चढला आहे. मागच्या वर्षी नव्या मालकांचा मुलगा भेटला. आर्किटेक्चर शिकतो. म्हणाला, ‘‘सर, जुने रंग काढून तो मोर मूळ होता तसा करायचा आहे. मूळ कसा होता?’’ मी तेल, फडके, तकाकी सगळे सांगितले. त्याने वहीत लिहून घेतले आणि विचारले, ‘‘फोटो असेल का?’’

स्मिथच्या शिल्पांचे होते. आमच्या मोराचा एकही नाही.